जांघेच्या हर्नियाची जाळी आणि शेजारच्या रक्तवाहिन्या: सर्जनला काय विचारावं?

समिधा_क
वडील ६४ वर्षांचे. उजव्या जांघेत हर्निया, त्याच पायात व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा). जाळी बसवायचं ठरलंय, उघड्या पद्धतीने की दुर्बिणीतून ते अजून नाही. जाळीमुळे पायाच्या किंवा वृषणाच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो का? आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावा का?

टाकेवाला
वृषणाला तीन वाटांनी रक्त येतं: महाधमनीतून निघालेली मुख्य धमनी, शुक्रवाहिनीसोबतची बारीक धमनी आणि क्रिमॅस्टर या वृषण वर ओढणाऱ्या स्नायूची. त्यामुळे एखादी धमनी दुखावली तरी सहसा संकट येत नाही. नाजूक असतं ते कॉर्डमधलं (वृषणाकडे जाणाऱ्या वाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांची दोरी) शिरांचं जाळं. कॉर्ड फार सोलवटली, की त्या शिरांत गुठळ्या होतात, रक्त परत फिरत नाही आणि वृषण सुजून टणक होतं. पहिल्याच ऑपरेशनात हे शेकडा एकाच्याही खाली, पण त्याच जागी दुसऱ्यांदा उघडून केलं तर धोका वाढतो.

म्हणून हर्नियाची पिशवी (बाहेर आलेलं पोटाचं अस्तर) अंडकोशापर्यंत उतरली असेल तर ती मुळापर्यंत ओढून काढू नये. वरचा भाग सोडवून खालचा तिथेच उघडा ठेवावा. वृषण जखमेतून बाहेर काढायची गरज नसते.

उघड्या पद्धतीत जाळीची खालची कड इंग्वायनल लिगामेंटला (जांघेतल्या चिवट पट्ट्याला) शिवतात. त्याच्या अगदी मागे फिमोरल शीर (पायाची मुख्य शीर) असते. सुई खोल गेली आणि काळपट रक्त आलं, तर तो टाका बांधायचा नाही: सुई-धागा काढून काही मिनिटं बोटाने दाब द्यायचा. बांधला तर शीर फाटते किंवा अरुंद होते. जाळी चिरून केलेल्या दोन शेपट्यांमधून कॉर्ड बाहेर येते ती फटही फार आवळू नये.

दुर्बिणीतून साधारण १० × १५ सेंमी जाळी थेट मोठ्या रक्तवाहिन्यांवर पसरते. तिथे शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या वाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणाखाली पायाची मोठी धमनी व शीर असते. त्यात एकही टॅक (जाळी पक्की करायची बारीक पिन) मारायचा नाही. 'टॅक कुठे मारणार?' हे जरूर विचारा.

प्रोब_७ते१२
सगळ्यांना आधी डॉपलर लागत नाही. त्या बाजूला आधी ऑपरेशन झालंय, व्हेरिकोसीलची (अंडकोशातल्या फुगलेल्या शिरांची) शीर बांधलीय किंवा एकच वृषण आहे, तर मात्र या ऑपरेशनआधीची डॉपलरची नोंद हवीच. वृषणातल्या धमनीचा रेझिस्टिव्ह इंडेक्स (रक्ताला पुढे जाताना किती अडथळा होतो त्याचा आकडा) दोन्ही बाजूंना मोजून घ्या, साधारण ०.५ ते ०.७ असतो. ऑपरेशननंतर सुजेमुळे तो काही दिवस चढतो आणि बहुतेकांत पुढे उतरतो. दुसऱ्याच दिवशीच्या आकड्यावरून घाबरू नये.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला वृषणापेक्षा पायाच्या शिरा महत्त्वाच्या वाटतात. व्हेरिकोज आहेत, म्हणून पायाचा व्हीनस डॉपलर करून आत जुनी गुठळी नाही ना, ते बघा. फिमोरल शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर कमी-जास्त व्हायला हवा. ऑपरेशननंतर एकाच बाजूला तो सपाट दिसला, तर वर कुठेतरी अडथळा आहे असं समजून पुढे शोधावं.

टाकेवाला
आणखी एक, जे फारसं कुणी विचारत नाही. किडनी प्रत्यारोपणाची शक्यता असेल किंवा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) वाढलेला असेल, तर दुर्बिणीच्या जाळीआधीच ते सर्जनला सांगा. ती जाळी नंतर त्याच रक्तवाहिन्यांना चिकटते आणि किडनीचं किंवा प्रोस्टेटचं पुढचं ऑपरेशन अवघड करते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. किती दिवस आधी थांबवायची ते सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील.

समिधा_क
धन्यवाद. घरी आल्यावर कशावर लक्ष ठेवायचं?

प्रोब_७ते१२
अंडकोश, लिंग निळं-जांभळं होणं नेहमीचं, आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं. त्याच दिवशी चालायला लावा. पहिल्या तीन दिवसांत वृषण टणक होऊन ठणकायला लागलं किंवा ताप आला, तर लगेच डॉपलर. एकच पाय मांडीपासून सुजला, पोटरी दुखली, तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.