मदत हवी आहे: एव्हरग्लेड्सच्या वाटेवरची चमत्कारिक ठिकाणं

मंडळी, डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मायामीला ताईकडे चाललोय. तिथनं टामियामी ट्रेलनं, म्हणजे हायवे ४१ नं, फ्लोरिडातली एव्हरग्लेड्सची दलदल बघत नेपल्सला जायचा बेत आहे. मगरी दिसतीलच, मला रस्त्याकडेच्या विचित्र जागा हव्यात.

ओचोपीचं पोस्ट ऑफिस पक्कं. टोमॅटोच्या मळ्यावरची पाइपा ठेवायची खोली. १९५३ च्या आगीनंतर तिलाच पोस्ट केलं. अमेरिकेतलं सगळ्यात छोटं! आपली पानटपरी बरी म्हणायची. बाबा पोस्टातनं रिटायर झालेत, त्यामुळं तिथला शिक्का मारून घरच्या पत्त्यावर कार्ड टाकल्याशिवाय ते हलणार नाहीत. खिडकी किती वाजेपर्यंत उघडी असते?

जवळच 'स्कंक एप'चं संशोधन केंद्र आहे. स्कंक एप म्हणजे दलदलीत फिरणारा वास मारणारा केसाळ माणूस म्हणे. भंपकपणा आहे, पण मला जायचंयच. तिकीट काढून आत जावं, की बाहेर फोटो काढून सुटावं?

होमस्टेडचा कोरल कॅसल उलट्या दिशेला पडतो. एकट्या माणसानं एवढाले दगड रचलेत, त्यासाठी वेगळा दिवस द्यावा का?

आणि आईचे गुडघे दुखतात, एअरबोटीत (मागं मोठा पंखा असलेली दलदलीतली सपाट बोट) चढणं जमेल का? जाऊन आलेल्यांनीच सांगा, गुगल मीपण बघितलंय.