आमवात आणि डोक्यातलं धुकं: तुम्ही कसं निभावता?

अबोली, फोंडा
मला आमवात आहे, सहावं वर्ष. सांधे बरेच ताब्यात आहेत, पण डोकं साथ देत नाही. परवा नारळाची वाटी हातात घेऊन लेकीला म्हटलं, "अगं, ती... ती आण ना." आदोळी हा शब्दच येईना. जन्मभर जिच्यावर बसून नारळ खवला, तिचं नाव! लेक हसली नाही, गप्प उठून आदोळी आणून ठेवली. मला त्याचंच जास्त रडू आलं. पतसंस्थेत एकच रकाना तीन-तीनदा बेरजेला घेते. घरचे म्हणतात, वय झालं. ४३ म्हणजे वय का?

खरी भीती वेगळीच आहे. आमवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी घेते. काल रात्री घेतली की नाही, काही केल्या आठवत नाहीये.

केवडा, डिचोली
अबोलीताई, आधी गोळ्यांचं. शंका असेल तर पुन्हा घेऊ नका, डॉक्टरांना आत्ताच फोन करा. एखाद्या आठवड्याची चुकली तर सहसा निभावतं. पण ती चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घटतात, तोंड येतं, ताप येतो, जिवावर बेतू शकतं.

सासूबाईंच्या गोळ्या मी बघते. बाकीच्या सात खणांच्या डबीत, मेथोट्रेक्सेट मात्र वेगळी, वरच्या फळीवर. रविवारी मी काढून देते, त्या माझ्यासमोर गिळतात आणि मग भिंतीवरच्या कालनिर्णयवर स्वतः फुली मारतात. गिळल्यावर फुली, आधी नाही. तिच्या जोडीला देतात त्या फॉलिक अॅसिडच्या (जीवनसत्त्वाच्या) गोळीची खूण गोल.

शिवोलीकार
सगळं आमवातावर ढकलू नका. मलाही असंच व्हायचं, तपासल्यावर टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. थायरॉइडची गोळी घेऊन लगेच चहा प्यायचो, ती नीट अंगी लागत नव्हती. आता उपाशीपोटी घेऊन तासभर थांबतो, कॅल्शियम चार तासांनी. हिमोग्लोबिन आणि बी१२ही बघून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ उतरतं. दुखण्यानं रात्री झोप मोडते का, हेही डॉक्टरांना सांगा. आणि अचानक बोबडी वळली किंवा तोंड वाकडं झालं तर ते धुकं नव्हे, सरळ १०८.

मांडवीकाठी
मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. शाळेत शिकवते. पेपर तपासायचं काम सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू ऐकल्यापासून दुपारच्या आधीच्या पेजेच्या वेळेपर्यंतच. दुपारनंतर आकडे हातात घेत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

बरं वाटलं त्या दिवशी सगळं उपसायचं नाही, हे शिकायला मला फार वेळ लागला. गेल्या गणेश चवथीला नेवऱ्या (करंज्या), गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान, पाहुणे, सगळं एका दिवसात ओढलं आणि पुढचे चार दिवस वर्गातल्या पोरांची नावं सुचेनात. आता वरिष्ठांना स्पष्ट सांगितलंय: तोंडी काम सांगू नका, लिहून द्या. त्यांनी ऐकलं. तुम्हीही पतसंस्थेत विचारून बघा.

अबोली, फोंडा
डॉक्टरांना फोन केला. या आठवड्यात पुन्हा घेऊ नका म्हणाले, तपासण्याही लिहून दिल्या. फुलीची जबाबदारी लेकीने मागून घेतली. मांडवीकाठी, कामात मध्येच कुणी हाक मारली की माझा धागा तुटतो. त्याला काय करता?

मांडवीकाठी
शेजारी वही ठेवते. "पेपर १४ झाला, आता १५." हाक आली की आधी हे लिहायचं, मगच ओ द्यायची.