रामटेक गडावर गाडी वरपर्यंत न्यावी का?

धंतोलीकर: धडधाकट माणसानं गाडी गडाच्या पायथ्याशी, अंबाळा तलावापाशी लावावी आणि पायऱ्यांनीच चढावं, असं माझं ठाम मत आहे. गाडी वर गेली की लोक थेट राममंदिर गाठतात आणि दर्शन आटोपून खिंडसी तलावाला पळतात. गडावरचं सगळ्यात जुनं तेच राहून जातं. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरं पाचव्या शतकातली, वाकाटक राजघराण्याच्या काळातली. आतला नरसिंह एक गुडघा वर घेऊन ऐसपैस बसलाय, हाताशी चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या, मग खांद्यांचा भरदारपणा दिसतो. धावत्या दर्शनात हे कसं दिसणार?

महालचा विनू: नाही जी, हे पटत नाही. घरात गुडघेदुखीची आजी असली तर तिनं खालूनच हात जोडायचे का? शिवाय मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५च्या घरात जातो. सकाळी नऊनंतर फरशी अशी तापते की चपला काढल्यावर तळवे पोळतात, जाड मोजे नेलेच पाहिजेत. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माणूस चढताना नाही, उतरताना घसरतो. नरसिंह बघायचा राहतो तो लोकांना माहीत नसतो म्हणून, त्यात रस्त्याचा काय दोष?

धंतोलीकर: आजीसाठी गाडी हवीच, ते मान्य. पण तिच्यासोबतची चार तरणी पोरंही गाडीतच बसून वर जातात, त्याचं काय? उन्हाचा उपाय सोपा आहे: उजाडताच चढायला लागा. वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ हे दरवाजे ओळीनं ओलांडत गेलं की गडाची बांधणी कळते. अखंड दगडाचा तो वराह नीट बघा. लोक त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघतात.

सक्करदरा: तुम्ही दोघंही मधूनच सुरुवात करताय. आधी नगरधन! रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. २०१५ ते २०१८च्या उत्खननात तिथं प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ही वाकाटकांची राणी, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी; मुलं लहान असताना तिनंच राज्य सांभाळलं. तिचा रिद्धपूरचा ताम्रपट 'रामगिरिस्वामी'च्या पायाशी दिलेला आहे; रामगिरी म्हणजे हेच रामटेक. हे मनात ठेवून गड चढा, मग गाडीनं जा की पायी.

महालचा विनू: क्रम चांगला आहे, पण एका दिवसात नगरधन, मनसरला उत्खननात निघालेलं विटांचं बांधकाम, गड आणि खिंडसी बसवलं की सगळंच अर्धवट राहतं. नागपूरहून कामठी-कन्हान-मनसर करत जाणाऱ्यानं मनसर येताना बघावं, खिंडसी सोडावी.

धंतोलीकर: खिंडसी सोडायला माझी हरकत नाही. एक मात्र सांभाळा: प्रसादाची पिशवी हातात लटकवू नका, माकडं हिसकतात. सॅकमध्ये घाला, चेन लावा. आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत गर्दी इतकी असते की गाडी वर नेण्याचा विचारच करू नका, विनूभाऊ.

महालचा विनू: त्या दिवशी पायीच. बाकी दिवशी आजीसोबत मी गाडीच्याच बाजूनं.