मदत हवी आहे: अणूंच्या पातळीवर घर्षणात ऊर्जा जाते कुठे?

नमस्कार मंडळी,

घर्षणबल भाराच्या प्रमाणात असतं, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा शाळेतला नियम असंख्य सूक्ष्म उंचवट्यांची गोळाबेरीज म्हणून मला पटतो. गाडी अडते ती एकट्या उंचवट्यापाशी.

१९८७ मध्ये मेट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनचं सुईसारखं बारीक टोक ग्राफाइटवरून ओढलं, तेव्हा घर्षणबल दर ०.२५ नॅनोमीटरला कमीजास्त होताना दिसलं. ग्राफाइटमधल्या अणूंच्या जाळीतलं अंतरही तेवढंच! असे आलेख बरेचदा करवतीच्या दात्यांसारखे असतात: बल हळूहळू चढतं, एकदम कोसळतं, पुन्हा चढू लागतं. याचं सगळ्यात साधं मॉडेल प्रांटल (१९२८) आणि टॉमलिन्सन (१९२९) यांच्या नावाने ओळखलं जातं. खाली ठरावीक अंतरावर ऊर्जेचे खळगे, वर स्प्रिंगने ओढलं जाणारं टोक.

स्प्रिंग पुरेशी ताठ असेल तर टोक न अडकता सरकतं. चढावर खर्ची पडलेली ऊर्जा उतारावर परत मिळते, हळू ओढलं तर सरासरी घर्षण जवळजवळ शून्य. स्प्रिंग मऊ असेल तर टोक अडकतं, ताण साठतो, मग एकदम पुढच्या खळग्यात उडी. जातानाचा आणि येतानाचा आलेख मग एकमेकांवर बसत नाहीत; मधलं क्षेत्रफळ म्हणजे गेलेली ऊर्जा. २००४ मध्ये सोडियम क्लोराइडवर भार कमी करत नेल्यावर उड्या थांबून टोक सलग सरकू लागलेलं प्रत्यक्ष मोजलंय, आणि मला ते फारच सुंदर वाटतं.

आता शंका. मॉडेलमध्ये ऊर्जा खाणारं डॅम्पिंग (वेगाच्या प्रमाणात असलेला विरोध) आपणच वरून घालतो. तरी वेग अगदी कमी असेल आणि एका उडीत एकच खळगा ओलांडला जात असेल, तर डॅम्पिंग दुप्पट करूनही सरासरी बल जवळपास तेवढंच राहतं. म्हणजे किती ऊर्जा जाणार हे उडीच्या क्षणी साठलेल्या ताणावरूनच ठरतं, आणि ती फोनॉनमधून (म्हणजे जाळीच्या कंपनांमधून) जाते की इलेक्ट्रॉनमधून, याने बलात फरक पडत नाही, असं समजायचं का?

तसं असेल तर सुपरल्युब्रिसिटीचं, म्हणजे घर्षण जवळपास शून्यावर येण्याचं, काय? ग्राफाइटची चकती खालच्या ग्राफाइटशी तिरकी वळवली की जाळ्या जुळत नाहीत आणि घर्षण जवळपास नाहीसं होतं. दर ६० अंशांनी ते पुन्हा डोकं वर काढतं. मधल्या कोनांत उडीच नाही. मग तिथे उरलेलं थोडंसं घर्षण पूर्णपणे डॅम्पिंगवर आणि वेगावर अवलंबून असायला हवं ना? की चकतीच्या कडेचे अणू अजूनही उड्या मारत असतात?

जाणकारांनी कृपया समजावून सांगावं. समीकरणं चालतील, पण आधी अणू काय करतात ते सांगितलंत तर फार बरं होईल.