कानोसाला नक्की जिंकलं कोण?
इटलीतल्या कानोसा किल्ल्यावर पोप सातव्या ग्रेगरीनं जर्मन राजा हेन्री चौथ्याला पार लोळवलं असं म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. जानेवारी १०७७ मध्ये हेन्रीनं तीन दिवस पोपच्या बाजूच्या माटिल्डा या सरदारणीच्या त्या किल्ल्याबाहेर थंडीत अनवाणी उभं राहणं ही नाचक्की होतीच, पण खरा धोका घरच्या सरदारांचा होता, पोपनं तुला धर्माबाहेर काढलंय, तो बहिष्कार वर्षाच्या आत उठवून घे नाहीतर राजा मानणार नाही असं त्यांनी बजावलेलं, आणि दारात पश्चात्ताप करत उभ्या माणसाला माफी नाकारणं ग्रेगरीला धर्मगुरू म्हणून फार अवघड. म्हणजे हेन्रीनं सरदारांच्या हातातलं कारणच काढून घेतलं! तरी त्यांनी मार्चमध्ये हेन्रीऐवजी रुडॉल्फ या आपल्यातल्याच सरदाराला राजा केलंच, १०८० च्या लढाईत त्याचा उजवा हात तुटून तो मेला, हेन्रीशी निष्ठेची शपथ घेतलेलाच हात, त्यामुळे हेन्रीच्या लोकांनी तो देवाचा कौल मानला. १०८४ ला हेन्रीनं रोम घेतलं, ग्रेगरी पुढच्या वर्षी सालेर्नोत परागंदा होऊन वारला.