मदत हवी आहे : वडिलांच्या पायांतील वाढत्या अशक्तपणाचे निदान
माझे वडील (वय 56, यवतमाळ जिल्हा) सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारणी केल्यानंतर उलट्या व घाम येऊन चार दिवस दवाखान्यात भरती होते. त्यातून ते सावरले, परंतु तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि आता चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते, तरी त्यांना कळत नाही. साखर, थायरॉइड, बी-12 आणि कमरेचा एमआरआय यांत दोष आढळला नाही. ‘वयोमानाने होते’ हे उत्तर मला पटत नाही, कारण जुलैमध्ये त्यांनी स्वतः डवरणी (पिकातली कोळपणी) केली होती. ऑर्गनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर काही आठवड्यांनी नसांवर परिणाम होऊ शकतो, असे वाचले. एनसीव्ही व ईएमजी (नसा व स्नायूंचे काम मोजणाऱ्या) तपासणीसाठी सेवाग्रामला जावे की नागपूरला? असा अनुभव असलेल्यांनी कृपया कळवावे. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली मी जपून ठेवली आहे.