उन्हाळ्यात लिहावं, की वही मिटून बाहेर बसावं?

धागाकर्ती:
गेले तीन उन्हाळे मी एका कादंबरीला दिले. ती पूर्ण झाली. तरीही मला ठामपणे म्हणायचंय की लेखकाने उन्हाळ्यात लिहू नये. संध्याकाळी तर नाहीच नाही.

माझ्या खोलीची खिडकी पश्चिमेला आहे. चार वाजता पडदा ओढायचा, पंख्याने पानं उडू नयेत म्हणून त्यांवर गोटे ठेवायचे, की आठपर्यंत मी तिथेच. आई बाहेर गॅलरीत बसायची. सहाच्या सुमारास तिची हाक यायची, "अगं, पाकोळ्या आल्या बघ." मी म्हणायचे, "एवढा परिच्छेद होऊ दे गं." तिसऱ्या उन्हाळ्यात तिने हाक मारणं सोडलं. मला वाटलं, माझ्या कामाची तिला सवय झाली.

यंदा ती नाही. कादंबरीत उन्हाळी संध्याकाळ आहे, पाकोळ्याही आहेत. त्या मी पक्ष्यांच्या पुस्तकात वाचून घातल्यात. दारापासून दहा पावलांवर उडत होत्या, आणि मी त्यांची माहिती शोधत बसले होते. तुम्ही काय करता? लिहिता, की उठता?

ओलीवही:
ताई, वाचून गलबलून आलं. पण निष्कर्ष पटला नाही. तुम्हाला खंत आहे ती आईजवळ न बसल्याची. तिचं खापर लिहिण्यावर कशाला फोडायचं?

मी एक उन्हाळा न लिहिता काढून पाहिला. दोन महिने नुसता भटकलो. आज त्यातलं "मजा आली" एवढंच हाताला लागतं. त्याच्या आदल्या वर्षीची वही मात्र आहे. एका पानावर पाण्याच्या पेल्याचं गोल वळं उमटलंय. पेल्याला बाहेरून घाम फुटला होता, तो ओघळला आणि 'दुपार' या शब्दाची शाई फुटली. शेजारी लिहिलंय: दोन चाळीसला वीज गेली, पंखा थांबता थांबता तीनदा कुरकुरला, मग कुणाच्या तरी घरातलं घड्याळ ऐकू आलं. ही दुपार मी लिहिली नसती तर ती झालीच नसती, असं मला खरोखर वाटतं.

आणि १८१६ चा उन्हाळा आठवा. जिनिव्हाच्या सरोवराकाठी अठरा वर्षांच्या मेरी शेली या इंग्रज लेखिकेने 'फ्रँकेन्स्टाइन' ही भयकादंबरी लिहायला घेतली. उन्हाळ्यात लिहू नये, हे तिला कुणी सांगितलं असतं तर?

अंगणभर:
ओलीवही, हे उदाहरण तर धागाकर्तीच्याच बाजूचं आहे! त्या वर्षी तिथे उन्हाळा आलाच नव्हता. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा एप्रिल १८१५ मध्ये प्रचंड उद्रेक झाला. त्यातून वर गेलेल्या गंधकाच्या वायूंमुळे सूर्यप्रकाश अडला आणि पुढच्या वर्षी युरोप गारठला. मेरी आणि तिच्याबरोबरची मंडळी सतत पावसाने घरात अडकली, म्हणून भुताच्या गोष्टी रचण्याची टूम निघाली. ऊन पडलं असतं तर ती होड्या घेऊन पाण्यावर गेली असती, आणि मी म्हणते, जायलाच हवं होतं. त्याच गारठ्यात पिकं बुडाली, माणसं उपाशी राहिली, हेही विसरू नये.

कालिदासाचं 'ऋतुसंहार' बघा. सहा ऋतूंची सुरुवात तो ग्रीष्मापासून करतो. उन्हाने हैराण झालेला साप मोराच्या पिसाऱ्याच्या सावलीला येतो, बेडूक नागाच्या फण्याखाली बसतो. वैर करण्याइतकंही त्राण कुणात उरत नाही. उन्हाची अशी ओळख पडदा ओढून होत नाही.

ओलीवही:
मान्य. पण कालिदासही कधीतरी सावलीत बसून लिहिता झालाच ना!

पहाटदोन:
दोन्ही बाजू मनाबद्दल बोलताहेत. मी शरीराबद्दल सांगतो. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. गरम रात्री ते नीट उतरत नाही, झोप तुकड्यातुकड्यांत होते आणि दुसऱ्या दिवशी वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नाही. अशा दुपारी मी पूर्वी नेटाने बसायचो. महिन्याभराचं लेखन नंतर सबंध फाडलं. पेनसुद्धा ऐकत नाही. टाकीत शाई कमी असली की वरची हवा तापून फुगते आणि शाई निबातून बाहेर ढकलते. चांगल्या उतरलेल्या पानावर असा डाग पडला की जीव हळहळतो.

पाच ते सात, पहाटेचे दोन तास, एवढंच मी लिहितो. खिडक्या उघड्या, भिंती निवलेल्या. उरलेला दिवस उन्हाळ्याचा. त्या दोन तासांची वाट मी वर्षभर बघतो.

चारओळी:
इथे सगळ्यांनी गृहीत धरलंय की उठायचं की बसायचं हे लेखकाच्या हातात असतं. सुट्टी लागली की माझी दोन्ही मुलं दिवसभर घरी. पहाटदोन, तुमच्या पाच वाजता माझी धाकटी उठलेली असते. 'उन्हाळ्यात लिहू नये' हे मला कुणी सांगायला नको, माझं लिहिणं आपोआपच बंद पडतं. दर वर्षी एक गोष्ट अर्धी राहते आणि पावसाळ्यात उघडावी तर तिच्यातली माणसं अनोळखी झालेली असतात. हेही गमावणंच आहे. यावर कुणी हळहळत नाही.

यंदा मी भांडून दुपारचा एक तास मागून घेतला. मोठा म्हणाला, "आई, मी तुझ्याजवळ बसून वाचू?" तो फरशीवर पालथा पडून वाचत होता, मी लिहीत होते. धाकटी न्हाऊन आली आणि माझ्या वहीवर डोकं टेकून झोपली. ओल्या केसांखाली चार ओळी विरघळल्या. मी डोकं हलवलं नाही. उरलेल्या पानावर, तिच्या कानाच्या कडेकडेने लिहीत राहिले. धागाकर्तीताई, हा तास मिटून ठेवा असं कृपा करून म्हणू नका.

धागाकर्ती:
चारओळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'लेखकाने लिहू नये' हे माझं वाक्य मी मागे घेते. ते मी माझ्या एकटीच्या घरातून लिहिलं होतं. मला ती वेळ होती, आणि हाक मारणारं माणूसही होतं.

ओलीवही, तुमच्याशी मात्र माझा वाद राहणार. लिहिलं नसतं तर दुपार झालीच नसती, हे मला मान्य नाही. आईने एक अक्षर लिहिलं नाही. पण पाकोळ्या कुठल्या घराच्या छताखाली शिरतात, आधी किती घिरट्या घालतात, पावसाआधी खाली येतात का, हे सगळं तिला ठाऊक होतं. तिचा उन्हाळा पुरता झाला होता. तो माझ्यापर्यंत पोचला नाही, कारण मी विचारलं नाही.

काल सहाला गॅलरीत जाऊन बसले, तिच्याच खुर्चीत. वही नेली नव्हती. सव्वासहाला त्या आल्या, ओरडत, खूप वर. सदतीसपर्यंत मोजल्या, मग सगळ्या एकदम वळल्या आणि मोजणी चुकली.